खोबऱ्याचा पहिला तुकडा

माझ्या बायकोला, नीलाला, एक गोष्ट सांगायला फार आवडायची. माझीच गोष्ट. सिंगापुरातल्या आमच्या ओळखीच्या मराठी घरांत असं एखादंच असेल, जिथे तिने ती सांगितली नाही. ती खोटी नव्हती. अर्धी होती. उरलेली अर्धी मी तिला कधी सांगितली नाही, आणि आता नीलाच नाही. दुसऱ्या कोणाला सांगितली असती तर तिला ती तिऱ्हाइताकडून कळली असती — निदान मी स्वतःला तसं समजावत होतो. आता तेही कारण उरलं नाही. तुम्ही कोण आहात मला माहीत नाही. त्यामुळे सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं. जात नाही.

आधी तिची गोष्ट, तिच्याच शब्दांत. तिचा आवाज अजून कानात आहे.

"आमचे हे आफ्रिकेत गेले जेटी बांधायला. आणि तिथे समुद्रावर पहिलं काम काय केलं असेल? नारळ फोडला! कुंकवाची डबी मीच घातली होती बॅगेत, नाहीतर ह्यांना कसलं आठवतंय! सगळं गाव जमलं बघायला. आणि प्रसाद वाटताना पहिला तुकडा दिला कोणाला? ज्या बाईला गावात कोणी शेजारी बसू देत नव्हतं, तिला! ह्यांना बिचाऱ्यांना काही माहीतही नव्हतं हो!"

इथे ती थांबायची. डोळे पुसायची. कोणीतरी माझ्याकडे वळून म्हणायचं, "वा, साठे! कधी बोलला नाहीत!" मी पाण्याचा ग्लास उचलायचो. लोकांना तो माझा विनय वाटायचा.

मी बंदरांचा इंजिनियर. सगळी नोकरी सिंगापूरच्या बंदराकडल्या तुआस भागातल्या एका ऑफिसात गेली. जेटी, धक्के, भराव — समुद्राच्या कडेला माणसाला जे जे बांधायचं असतं ते कागदावर आखणं हे माझं काम. घरी पुस्तकं, ऑफिसात नकाशे. मी कधी कोणावर आवाज चढवला नाही. हे मी स्वतःबद्दल चांगलं म्हणून सांगायचो. आज सांगताना अडखळतो, कारण माझ्या हातून जे झालं ते आवाज न चढवताच झालं.

देश सिएरा लिओन. गावाचं नाव लिहीत नाही. ते लोक आहेत अजून. तिथे बरीच वर्षं यादवी युद्ध चाललं होतं. मी गेलो तेव्हा ते संपूनही बराच काळ लोटला होता, पण संपलं म्हणजे काय, हे तिथे गेल्यावरच कळतं. शाळेला नवं छप्पर होतं आणि भिंतींना जुनी भोकं. जमिनीखाली लोहखनिज इतकं की नदीचं पाणीसुद्धा तांबडं. एका कंपनीने खाण पुन्हा सुरू केली होती. खनिज बोटीत भरायला जेटी हवी होती आणि ती आखायचं काम आमच्या ऑफिसकडे आलं होतं. खाण चालली की रस्ता येईल, दवाखाना येईल, तरुणांच्या हाताला काम लागेल — असं सगळे म्हणत होते. मीही म्हणत होतो. मला ते खरंच वाटत होतं. ते सगळंच खोटं होतं असंही नाही.

जेटीसाठी जी जागा ठरली होती, तिच्या एका बाजूला एक लहानशी खाडी होती आणि खाडीच्या काठी ते गाव. पुरुष मासे धरायचे, बायका ते धुरावर वाळवून आतल्या बाजारांत विकायच्या. युद्धात गाव जळालं, माणसं पांगली. नंतर बायकाच आधी परतल्या, धुराच्या भट्ट्या त्यांनीच पुन्हा लावल्या. त्यांच्यातली वडीलधारी म्हणजे मामी इसातू. तिथे वयस्कर बाईला मामीच म्हणतात. मराठी कानाला ते किती गोड वाटतं! मी तिला मामी म्हटलं की ती खूश व्हायची. "हाऊ दी बॉडी?" असं विचारायची — म्हणजे, बरा आहेस ना? त्यावर देवाची कृपा असं उत्तर द्यायचं असतं. मी पहिल्या दिवशी प्रश्न शब्दशः घेऊन खरंच सांगितलं, की पोट जरा बिघडलंय. सगळ्या बायका हसून हसून वाळूत बसल्या.

गावाशी बोलणं करून देणारा कंपनीचा माणूस होता लामीन. पूर्वीचा शाळामास्तर. उंच, सावकाश बोलणारा, मिश्कील. त्याच गावचा जावई. तो म्हणायचा, "साठे, खाण बुडाली तर तुम्ही सिंगापूरला जाल. मला मात्र सासरी जेवायला जायचंय. जपून बोला."

गावाची एकच अट होती. मामीने पहिल्याच बैठकीत विचारलं, "होड्या आत येतील ना?" मी वाळूत काठीने रेघा ओढून दाखवलं — जेटी खांबांवर उभी राहील, पाणी आणि वाळू खांबांमधून जात राहतील, खाडीचं तोंड उघडं राहील. तेव्हा ते खरं होतं. हे मी मुद्दाम लिहितो. ह्यानंतरचं काही माझ्या बाजूने नाही.

मी सिंगापूरला परत आलो. तुआसच्या ऑफिसात आराखडा बदलला. खांबांना वेळ लागणार होता, खाणीला घाई होती. किनाऱ्यापासून बरंच अंतर दगडांचा भराव टाकायचा आणि पुढे थोडेच खांब, असं ठरलं. भराव म्हणजे समुद्रात घातलेली भिंत. त्या किनाऱ्यावर वाळू एका दिशेने सरकत असते. भिंत घातली की तिची वाट अडते आणि मग ती शेजारच्या खाडीच्या तोंडाशी साचत जाते. हे समजायला फार शिकावं लागत नाही, आणि मी तर शिकलो होतो. बैठकीत मी विचारलं, "खाडीचं काय?" कोणीतरी म्हणालं, "पुढच्या टप्प्यात बघू." पुढचे टप्पे कधी येत नाहीत, हे मला बाकी कोणाहीपेक्षा चांगलं ठाऊक होतं. नवा आराखडा मीच काढला. रेघा नेहमीसारख्याच स्वच्छ आल्या.

आणि तो आराखडा डोक्यात घेऊन मी पुन्हा तिथे गेलो. त्या वेळी नीलाने ती डबी बॅगेत घातली. "नारळ तिथे मिळेल हो," म्हणाली, "समुद्रकाठीच तर आहे. पण हळदकुंकू कुठलं मिळायला!"

आता नारळाचं. इथल्या आमच्या कामांवर ते सर्रास चालतं. मोठी क्रेन पहिल्यांदा उचलायची असली की आमचा तमिळ फोरमन नारळ फोडतो, चिनी कंत्राटदार उदबत्त्यांचा जुडगा लावतो, आणि दोघं मिळून नवस बोलल्यासारखे वर बघतात. कोणी कोणाला हटकत नाही. मीही इतकी वर्षं फोडत आलो. श्रद्धा म्हणून? सवय म्हणून? नारळ फोडल्याशिवाय काम सुरू झालं की दिवसभर काहीतरी विसरल्यासारखं वाटतं, एवढंच सांगता येईल.

जमिनीत पहिलं भोक पाडून माती तपासायची होती, त्या दिवशी सकाळी मी तसाच, काही विचार न करता, वाळूत बसलो. दगडाला कुंकू लावलं, नारळ फोडला, पाणी शिंपडलं. मान वर केली तर बायकांची बडबड थांबलेली. मामी इसातू पुढे आली आणि लामीनला काहीतरी विचारलं.

"त्या विचारताहेत," लामीन म्हणाला, "हे कोणाला दिलंत?"

मी म्हणालो, "ह्या जमिनीला. आणि ह्या पाण्याला."

त्याने ते सांगितलं. मामीने ते ऐकून घेतलं. मग तिने कोणालातरी पाठवून तांदळाचं पीठ मागवलं, कोला नावाचं त्यांचं कडवट फळ मागवलं, आणि माझ्या नारळाशेजारी ते ठेवून एकेक नाव घेऊ लागली. ती गावच्या मेलेल्यांची नावं होती. काही म्हातारपणाने गेलेले असतील. काही नावांपाशी मागच्या बायकांच्या तोंडून बारीक आवाज येत होता; ती युद्धातली असणार.

मी काय करायला हवं होतं? निदान उठून मागे व्हायला. पण मला वाटलं, आता प्रसाद वाटायला हवा. नारळ फोडला की खोबरं वाटायचंच, नाही का? मी चाकूने तुकडे केले आणि जी सगळ्यांत जवळ उभी होती तिच्या हातावर पहिला ठेवला.

ती हावा. जवळ म्हणजे माझ्या जवळ — बाकीच्या बायकांपासून ती लांबच उभी होती. ते माझ्या लक्षात आलं नव्हतं. लहान असताना लढणाऱ्यांनी तिला उचलून नेलं होतं. युद्ध संपल्यावर ती परत आली, ती त्यांच्यातल्याच एकाची मुलगी कडेवर घेऊन. गावाने तिला हाकललं नव्हतं, पण तिची भट्टी सगळ्यांच्या भट्ट्यांपलीकडे होती. तिने खोबरं हातात घेतलं, मामीकडे पाहिलं. मामीने क्षणभर थांबून मान हलवली — खा. हावाने खाल्लं. आणि ती हसली. लामीनने मागाहून सांगितलेली तिची ही हकिगत आणि तिचं ते हसणं मी नीलाला फोनवर सांगितलं होतं. तेवढंच सांगितलं होतं.

परतताना जीपमध्ये लामीन एरवीसारखा थट्टा करत नव्हता. "साठे, तुम्ही काय केलंत कळलं का तुम्हाला?"

"काय केलं?"

"त्यांच्या मेलेल्या माणसांसमोर तुम्ही अन्न ठेवलंत. ही त्यांच्या लेखी शपथ आहे. होड्यांचं जे बोललात, त्याची. आता गावातलं कोणी दुसरं काही मागणार नाही. उद्या गावचे प्रमुखही संमती देतील." मग म्हणाला, "मी त्यांना सांगू का, की तुमच्याकडे ह्याचा अर्थ वेगळा असतो?"

त्याने विचारलं होतं. माझ्यासमोर आयता दरवाजा उघडून दिला होता. सांग, म्हणायचं होतं. आराखडा बदललाय, भराव पडणार आहे, तुमची खाडी बुजेल — हेही त्याच जीपमध्ये बोलता आलं असतं. रस्ता लांब होता.

मी म्हणालो, "राहू दे."

दोन शब्द. आणि खिडकीबाहेर बघत बसलो.

संमती मिळाली. गाजावाजा झाला, मेंढा कापला, माझं कौतुक झालं — गाववाल्यांचं मन जिंकणारा इंजिनियर! तुआसमध्ये माझ्या नावाने केक आला. भराव पडला. जेटी उभी राहिली, वेळेआधी. खनिज घेऊन बोटी जाऊ लागल्या. गावाला सौर दिवे मिळाले, रस्ता मिळाला, आणि दवाखान्याची इमारतही उभी राहिली, असं ऐकलं. मग मी दुसऱ्या कामांना लागलो.

काही पावसाळे गेले. एका रविवारी नीला आणि मी ईस्ट कोस्टला समुद्रकाठी फिरून हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या टपऱ्यांपाशी, बसलो होतो. ती उसाचा रस आणायला रांगेत होती. लामीनचा फोन आला.

खाडी बुजत होती. ओहोटीला होड्या आतच येत नव्हत्या. बायका गुडघाभर चिखलातून टोपल्या डोक्यावर घेऊन ये-जा करत होत्या. काही घरं दुसऱ्या किनाऱ्यावर निघून गेली होती. मी ऐकत होतो आणि वाट बघत होतो. आता तो म्हणेल, साठे, तुम्ही शपथ मोडलीत. खरं सांगतो, त्याने तसं म्हटलं असतं तर बरं वाटलं असतं.

तो म्हणाला, "मामी इसातूने विचारायला सांगितलंय. ती म्हणते, त्या माणसाने आपलं वचन रीतसर दिलं होतं. मग चूक आमच्याकडून झाली असणार. आमच्या बाजूने काय चुकलं, हे त्याला विचार."

मी रांगेत उभ्या नीलाकडे पाहिलं.

"गावात म्हणताहेत," तो पुढे म्हणाला, "की पहिला तुकडा भलत्या हातात गेला. तिच्यामुळे मेलेल्यांनी तोंड फिरवलं. हावाला गावातून काढायचं चाललंय. तिला आणि मुलीला. म्हणून विचारतो, साठे. तुम्ही इंजिनियर आहात. तुम्ही सांगितलंत तर ऐकतील. वाळू का येतेय?"

हे वाक्य मी आजवर मनात किती वेळा ऐकलं असेल! वाळू का येतेय? विद्यार्थ्याने विचारावा इतका साधा प्रश्न. त्याचं उत्तर मला झोपेतही देता आलं असतं. ते दिलं असतं तर काय झालं असतं? लामीनने ते गावात सांगितलं असतं, गाव कंपनीकडे गेलं असतं, कंपनी आमच्या ऑफिसकडे आली असती, आणि कोणीतरी विचारलं असतं की हे तुला कधीपासून ठाऊक होतं. माझी नोकरी गेली असती, बहुतेक. इथे राहण्याची परवानगीही त्या नोकरीवरच होती तेव्हा. मुक्ता, आमची मुलगी, बारावीला होती. हे सगळं माझ्या मनात त्या वेळी आलं, इतक्या नीट ओळीत आलं की मला आजही त्याची लाज वाटते. घाबरलेल्या माणसाचं मन गोंधळतं म्हणतात. माझं अजिबात गोंधळलं नाही.

मी म्हणालो, "समुद्राचं काही सांगता येत नाही, लामीन."

लामीन मूर्ख नव्हता. मला वाटतं त्याला तेव्हाच सगळं समजलं. तो म्हणाला, "ठीक आहे. मी तसं सांगतो." आणि मग, सवयीने किंवा मुद्दाम, कोण जाणे — "मिसेसना नमस्कार सांगा."

नीला रस घेऊन आली. "कोण होतं हो?"

"ऑफिसचं."

"रविवारी पण ह्यांचा पिच्छा सोडत नाहीत मेले," ती म्हणाली, आणि माझ्या ग्लासातला बर्फ काढून स्वतःच्या ग्लासात टाकला, कारण मला बर्फ चालत नाही.

नंतर लामीनचा एक मेसेज आला. हावाला काढलं. ती मुलीला घेऊन राजधानीकडे गेली असावी, नक्की कोणाला माहीत नाही. मामी इसातू स्वतः तिला रस्त्यापर्यंत सोडायला गेली होती. त्याच नव्या रस्त्यापर्यंत. मेसेजमध्ये दुसरं काही नव्हतं. मी उत्तर दिलं नाही. काही महिन्यांनी लामीनने ती नोकरी सोडली आणि त्याचा नंबर लागेनासा झाला. मी दुसरीकडून शोधलं नाही. शोधता आलं असतं.

त्यानंतरही नीला ती गोष्ट सांगत राहिली. बुकित तिमाहला कुलकर्ण्यांकडे, दिवाळीच्या फराळाला, मुक्ताच्या सासरच्या लोकांना पहिल्या भेटीत. दर वेळी हावा खोबरं खायची आणि हसायची. दर वेळी मी ग्लास उचलायचो. एकदा मुक्ताच वैतागून, सिंगापुरी वळणाच्या इंग्रजीत, म्हणाली, "आई, सेम स्टोरी अगेन ला!" सगळे हसले. नीला म्हणाली, "असू दे. चांगली गोष्ट परत परत सांगावी. ह्यांच्यात अभिमान वाटावा असं तेवढं एकच तर आहे!" चेष्टेत म्हणाली. सगळे आणखी हसले.

शेवटच्या आजारपणात, हॉस्पिटलमध्ये, एका दुपारी तिने मला विचारलं, "ती बाई असेल का हो अजून? मुलगी मोठी झाली असेल तिची." खोलीत आम्ही दोघंच होतो. तिला घाई नव्हती, मला कुठे जायचं नव्हतं. तिला दुखावायचं नाही म्हणून मी गप्प राहिलो का? नाही. तिच्या डोळ्यांत मी जो होतो, तो मला शेवटपर्यंत राहायचं होतं. मी म्हणालो, "असेल की." ती म्हणाली, "तुम्ही दिलेलं खोबरं आठवत असेल तिला."

अस्थी विसर्जनाला आम्ही बोटीतून गेलो. गुरुजींनी अस्थींबरोबर सोडायला नारळ माझ्या हातात दिला. लांब, नांगर टाकून उभ्या असलेल्या मालवाहू बोटी दिसत होत्या. मी तो नारळ धरून इतका वेळ उभा राहिलो की मुक्ताला वाटलं मला आईला सोडवत नाही. तिने माझ्या पाठीवर हात ठेवला. "इट्स ओके, बाबा," म्हणाली. मी नारळ तिच्याकडे दिला. तिने सोडला.

त्याच आठवड्यात आमच्या कॉन्डोच्या हॉलमध्ये नीलासाठी सगळे जमले. कुलकर्णीवहिनी बोलायला उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "नीलाची एक आवडती गोष्ट आज मी सांगते." सबंध सांगितली. नीलासारख्याच थांबल्या, तिच्यासारखेच डोळे पुसले. सगळे माझ्याकडे वळले. आणि मी — तेव्हा तरी कोणाला भ्यायचं होतं? — मी हात जोडले, आणि मान डोलावली.

लामीनने विचारलं होतं, वाळू का येतेय. त्याचं उत्तर असं: वाळू भरावामुळे येते आहे. भराव मी आखला आहे. खाडी बुजणार, हे नारळ फोडला त्या सकाळी मला माहीत होतं. हावाने काही केलेलं नाही. मी तिच्या हातावर खोबरं ठेवलं, आणि तिने ते खाल्लं.